प्रस्थान उचलल्यावर

निजामाच्या अमलातली गोष्ट. माझा मोठा भाऊ एका जहागीरदाराचं दोन माणसांचं विमान चालवायचा. ऐन श्रावणात ते विमान त्याला खानदेशात पोचवायचं होतं. मधे अजिंठ्याचे डोंगर. पेट्रोल भरायला म्हणून तो हिंगोलीबाहेरच्या माळावर उतरला आणि घरी मुक्कामाला आला.

ओसरीवर त्यानं नकाशा पसरला, डोंगरांवर हरभऱ्याचे दाणे मांडले आणि मला समजावलं, "हे बघ बाई, डोंगर सकाळी गरीब असतो, दुपारी पिसाळतो. खिंडीत सरळ घुसायचं न्हाई. तिरपं जायचं, म्हंजे मागं वळाया जागा राहती. ढग टेकलेले दिसले की गपगुमान माघारी. पेट्रोल जाण्यायेण्याचं भरायचं."

"मग पोचशील कवा?"

"घाई असणारानं इमानात बसूच न्हाई!" असं म्हणून त्यानं चार दाणे तोंडात टाकले.

आईनं मात्र पंचांग धरलं. जायचा दिवस वाईट निघाला, म्हणून तिनं आदल्याच दिवशी, चांगल्या मुहूर्तावर निघाल्यासारखं व्हावं म्हणून, प्रस्थान ठेवलं. तांदूळ, सुपारी, हळकुंड फडक्यात बांधून शेजारच्या मुसलमान चाचीकडं दिलं. सकाळी दादा तेच गाठोडं उचलून निघाला. आमच्याकडची रीत अशी, की प्रस्थान उचलल्यावर काम झाल्याशिवाय घरचा उंबरा ओलांडायचा नाही.

दुपारच्या आत दादा परत! डोंगर ढगांनी गिळले होते. मला बाई हायसं वाटलं. आई दार अडवून उभी राहिली.

"आत यायचं न्हाई. प्रस्थान उचललंय तू."

"आई, वाटच न्हाई तिकडं."

वडील मान वर न करता बोलले, "सारं गाव बघून राहिलं. शेपूट घालून आला म्हनतील."

अहो, उपाशी होता तो! अंगणात उभ्यानं पाणी प्यायला आणि चाचीकडं गेला. तिनं भाकरी वाढली, खाट टाकली, आणि आईला ऐकू जाईल असं म्हणाली, "लेकरू जीता आया, और इनको तकलीफ हो रही है."

दुसऱ्या सकाळी आभाळ तसंच काळं. मी माळापर्यंत मागं गेले. "दादा, थांब की रे."

"थांबलो तर जाऊ कुठं?" तो म्हणाला.

विमान गुराख्यांना सापडलं. खिंडीच्या पार आत, जिथं वळायला जागाच नव्हती. मला तिरपं जायचं शिकवणारा माझा भाऊ सरळ घुसला होता.

पुढं माझं लग्न झालं. पाठवणीच्या वेळी आईनं भर मांडवात, व्याह्यांच्या देखत, माझा हात धरला. "नको वाटलं तर माघारी ये. दार उघडंच हाय." मला रडू आलं नाही, चीड आली. हे दादाला म्हणायचं होतंस, आई.