तीन म्हटल्यावर

“ज्या दिवशी मला जमिनीवरून उठता येणार नाही, त्या दिवशी घरी यांना कोण उठवणार?” असं ती एकदा वॉर्डातल्या जोडीदारणीला म्हणाली होती, दोघी मिळून खाटेवरची चादर ओढत असताना. जोडीदारणीने चादरीचा कोपरा गादीखाली खोचला आणि ती पुढच्या खाटेकडे वळली.

ती इस्पितळात आया होती. सगळे तिला क्रेनमावशी म्हणत, डॉक्टरसुद्धा. एखादा अवजड पेशंट आला की वॉर्डातून हाक यायची, “क्रेनला बोलवा रे,” आणि ती बाह्या सरसावत यायची. उचलण्याची तिथली रीत ठरलेली. एकीने खांद्यांशी राहायचं, दुसरीने गुडघ्यांशी. खांद्यांशी असेल तिने मोजायचं आणि तीन म्हटल्यावर दोघींनी एकदम उचलायचं. एकटीने कधी नाही, दोनवर कधी नाही. उभं आयुष्य हेच केल्यामुळे तो आकडा तिच्या अंगात एखाद्या जादा हाडासारखा बसला होता.

घरी मात्र दुसरी कोणी नव्हती. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. एका दुपारी दुकानात त्याच्या डाव्या हातातलं घड्याळ गळून पडलं आणि त्यामागोमाग सगळी डावी बाजूच गेली. तेव्हापासून तो खिडकीजवळच्या पलंगावर होता. जीभ शाबूत होती. “अर्धं यंत्र बंद पडलंय, पण टोल वाजतात,” असं तो आल्यागेल्याला सांगे. सकाळी त्याला पलंगावरून खुर्चीत बसवून ती कामावर जाई, संध्याकाळी खुर्चीतून पलंगावर. त्याचा उजवा हात तिच्या गळ्यात, तिचे गुडघे त्याच्या गुडघ्यांना अडवलेले. मोजायचा तो. तेवढं काम त्याने स्वतःकडे ठेवलं होतं.

लेक दुसऱ्या शहरात असायची. फोनवर ती रागावत नसे, म्हणून तिची जास्त धास्ती वाटायची. “आई, तुझं वय बघ, बाबांचं वजन बघ. त्या संस्थेत अशा माणसांना ठेवायची चांगली सोय आहे. आत्ता ऐकतेय मी तुझं. पण एकदा जरी तू पडलीस ना, मी बाबांचं नाव तिथे घालून मोकळी होणार.”

अशा संस्थांतून वॉर्डात आलेली माणसं तिने उचलली होती. त्यांच्या पाठीवरच्या जखमा धुतल्या होत्या. घरी तिने हे कधी सांगितलं नाही. नवऱ्यानेही विचारलं नाही. फक्त फोन ठेवला की तो म्हणे, “आज मी जड लागलो का गं?”

“कापूस,” ती म्हणे.

आणि मग एका सकाळी वॉर्डात ते झालं. खाटेवर एक म्हातारा होता, फार जडही नव्हता. ती खांद्यांशी होती. एक, दोन, तीन. गुडघे उचलले गेले. खांदे तिथेच राहिले. तिचे हात त्याच्या काखांत होते, बोटं घट्ट होती. बोटं आणि पाठ यांच्या मधलं काहीतरी आलंच नव्हतं. म्हाताऱ्याचं डोकं हळूच उशीवर परत गेलं. त्याला काही झालं नाही.

“घाम आलाय हातांना,” ती म्हणाली.

“हो, उकडतंयच आज,” जोडीदारीण म्हणाली. खिडक्या सगळ्या उघड्या होत्या आणि वारा होता.

नंतर चहा पिताना जोडीदारणीने विषय काढला. “मावशी, जिमला जा की. माझा भाचा जातो. दंड असे झालेत की शर्टात मावत नाहीत.”

“आणि करतो काय त्या दंडांचं?”

“आरशात बघतो.”

“मला पलंगापासून खुर्चीपर्यंत पुरले तरी बास.”

व्यायाम ती चोरून शिकली. पेशंटला व्यायामाच्या खोलीत न्यायचं आणि त्याचं होईपर्यंत भिंतीशी थांबायचं, हे तिचंच काम. आजवर ती तिथे डुलक्या काढायची. आता डोळे ताणून बघू लागली. घरी आल्यावर स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. तिथल्या खुर्चीवर बसायचं आणि हात छातीशी बांधून उठायचं. भिंतीवर तळवे टेकून भिंत ढकलायची. ओट्याची कड धरून टाचा उचलायच्या, अगदी सावकाश खाली आणायच्या. पाण्याच्या बाटल्या भरून खांद्यापर्यंत उचलायच्या. दूध तापेपर्यंत एका पायावर उभं राहायचं, मग दुसऱ्यावर.

हे केलं की भीती कमी होईल असं तिला वाटलं होतं. भीतीला फक्त पत्ता मिळाला. आधी ती घरभर असायची, आता डाव्या गुडघ्यात असायची. खुर्चीतून उठताना गुडघा थरथरला की ती थांबून ऐकत राही, जसं नवरा पूर्वी बंद घड्याळ कानाशी धरून ऐकायचा. पण रोज करता करता एक दिवस हात न टेकता उठणं जमलं. मग भिंतही हलकी वाटू लागली. एकच गोष्ट ती टाळत राहिली: जमिनीवर बसून परत उठणं. व्यायामाच्या खोलीत ते शेवटी शिकवत. घरातली फरशी तिला रोज दिसत होती, पुसताना, ओलांडताना. फरशीला घाई नव्हती.

लेक यायची होती त्या सकाळी नवरा अजून पलंगावरच होता. तिने दूध गॅसवर ठेवलं आणि सवयीने एक पाय उचलला. दूध वर आलं. पाय खाली न टेकवताच तिने बटणाकडे हात टाकला. डावा गुडघा गेला. खुर्ची आडवी झाली, तिचं कोपर ओट्यावर आपटलं आणि ती खाली.

“अगं, काय पडलं?” पलीकडून आवाज आला.

“काही नाही. खुर्ची.”

दूध उतू जाऊन शेगडीवर सांडत होतं. ज्योत फडफडली आणि विझली. मग वास आला, दुधाच्या करपट वासाखालून सरकत आलेला गॅसचा वास. बटण उंचावर होतं. ओटा खालून एवढा उंच दिसतो हे तिला माहीत नव्हतं.

पेशंटना सांगतात तसं तिने केलं. कुशीवर वळली. हात आणि गुडघ्यांवर आली. खुर्ची सरळ करून भिंतीशी टेकवली, तिच्यावर दोन्ही तळवे ठेवले, उजवं पाऊल पुढे रोवलं. आता फक्त उठायचं. “एक, दोन, तीन,” ती पुटपुटली, आणि उठली नाही. तीन म्हटल्यावर अंग थांबून राहिलं. समोरच्या हातांची वाट बघत. तिने पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. पाठीला ठाऊक होतं की एकटीने उचलायचं नसतं. आणि या वेळी उचलायचं जड ओझं ती स्वतः होती. वास वाढत होता. तिने तिसऱ्यांदा मोजलं, आता जरा मोठ्याने, आणि आवाज फाटला.

पलीकडे त्याला वास आला होता, मोजणी ऐकू आली होती.

“थांब,” तो म्हणाला. “मोजणं माझं काम आहे.”

ती थांबली.

“एक,” तो म्हणाला. रोजच्यासारखा, थोडा कुरकुरत. “दोन.” तो खाकरला. “तीन.”

ती उभी होती. कशी ते तिला कळलं नाही. तिने बटण फिरवलं, खिडकी उघडली आणि गजांना धरून उभी राहिली.

मग ती त्याच्याजवळ गेली. त्याने तिच्या कोपराकडे पाहिलं.

“दूध गेलं?”

“गेलं.”

त्याने उजवा हात तिच्या गळ्यात टाकला आणि मोजलं. तिने त्याला खुर्चीत बसवलं. त्या दिवशी तो कापूस नव्हता. डाव्या हाताखाली उशी सरकवताना तिचे गुडघे लटपटत होते. ते त्याला कळत होतं, आणि ते त्याला कळतंय हे तिला कळत होतं.

लेक आली. दारातच तिने वास घेतला, स्वयंपाकघरात डोकावली, मग आईचं कोपर धरून उजेडाकडे वळवलं. तिथे निळं होऊ लागलं होतं.

“आई, पडलीस तू?”

“ती कशाला पडते,” बाप खुर्चीतून म्हणाला. “खुर्ची पडली.”

“मी आईला विचारतेय, बाबा.”

“मग विचार. पण कामाला उशीर झालाय तिला.”

त्याच्या उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर पांढरी पडली होती. लेक त्याच्याकडे बघत नव्हती. ती आईच्या तोंडाकडे बघत होती, कोपर न सोडता, शांतपणे.

आईने आपलं कोपर सोडवून घेतलं. खुंटीवरची पिशवी खांद्याला लावली, चपला घातल्या. दाराबाहेर जिना होता. लेक मागून बघत होती, म्हणून तिने कठड्याला हात लावला नाही. ती पायऱ्या उतरू लागली.