उंच ओट्यावरचं ब्युरेट

अरे यार, हे आत्ताच सांगते, नाहीतर मला जेवण जाणार नाही. आमच्या बीएस्सीच्या वर्गात दापोऱ्याचा एक मुलगा आहे, व्हीलचेअरवर येतो. मुलींनाही "देख भाऊ" म्हणतो आणि सरांची नक्कल अशी करतो की हसून पोट दुखतं. लॅबमधले ओटे उंच आहेत. ब्युरेटच्या उभ्या काचनळीतली पातळी डोळ्यांच्या रेषेत असावी लागते, पण हा ती खालून वर बघतो. मग रीडिंग चुकतं आणि मार्क कटतात. कितीदा म्हणाला, "सर, स्टँड खाली स्टुलावर ठेवू द्या ना." सर एकच बोलतात, "बेटा, सगळ्यांसारखंच कर. इथं सगळे समान."

आज कॉलेजच्या नव्या रॅम्पचं उद्घाटन झालं. फोटोसाठी पाहुण्यांनी याला मधोमध घेतलं. सर ओरडले, "हस ना रे, तुझ्यासाठीच तर बनवला!" तो मस्त हसला. मग त्याच रॅम्पवरून माझ्यापाशी आला.

"देख भाऊ, मी आर्ट्सला अर्ज देऊन आलो."

"पागल आहेस का? तुला तर केमिस्ट्रीच पाहिजे होती!"

"होती ना. पण पुस्तक मांडीवर तरी मावतं."

तुमच्या लॅबमधूनही असं कोणी गेलंय का? तुम्ही काय बोललात त्याला?