मुदस्सिरची ओहोटी

मुदस्सिर कतारमधल्या हमद पोर्टवर क्रेन चालवतो. उंच काचेच्या केबिनमध्ये बसून दिवसभर जहाजांतले कंटेनर उचलायचे. माणूस मूळचा रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा, त्यामुळे समुद्राच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेत नाही. मी त्याच पोर्टवर ऑफिसात, आणि पुण्याचा, म्हणजे मला तर त्याने कधी हिशेबातच धरलं नाही.

अनेक वर्षं कंपनीच्या खोलीत काढल्यावर यंदा त्याने पोर्टजवळच्या वाक्रा शहरात दोन खोल्यांचं घर घेतलं आणि बायकोला, सितारावहिनींना, बोलावून घेतलं. लेक उजमा सासरी गेली होती, आता गावात वहिनींना अडवणारं कुणी नव्हतं. पण त्या परतीचं तिकीट काढूनच आल्या. राहायचं की नाही, ते विचारलं की म्हणायच्या, "आधी दर्या दाखवा." गावी त्या ओहोटीला खडकावर जाऊन कालवं फोडत. त्यासाठीची लोखंडी कोयतीही बॅगेत घालून आणली होती. कस्टमवाल्याला काय सांगितलं देव जाणे.

वाक्राच्या फिरायच्या रस्त्याला लागून एक किनारा आहे. वाळू थोडी, गोटे आणि खडेच जास्त. पाणी ओसरलं की खडक उघडे पडतात, त्यांवर कालवं असतात, असं मुदस्सिरला कुणीतरी सांगितलं होतं. झालं! त्याने चांदाची तारीख बोटांवर मोजली आणि ओहोटीची वेळ जाहीर केली, "पुनवेला मगरिबच्या टायमाला, दिस बुडताना, पुरी सुकती. माझ्या बाचं गणित हाय, कधी चुकायचं नाय." घरापासून किनारा चालत अर्ध्या तासावर, आणि त्याची गाडी गॅरेजमध्ये होती, म्हणून सारथ्य माझ्याकडे आलं.

आम्ही पोचलो तर पाणी थेट पायऱ्यांना लागलेलं. खडक सोडाच, एक गोटा दिसेना. रस्त्यावर पोरं सायकली फिरवत होती, एक कुटुंब गालिचा अंथरून चहा पीत होतं. मुदस्सिर आधी पाण्याकडे आणि मग चंद्राकडे बघत राहिला. चंद्र पुरा गोल होता, त्याची काही चूक नव्हती. आखाताच्या भरतीची तऱ्हाच वेगळी. इथे कोकणातलं गणित चालत नाही, हे रोज पाण्यावर लटकून बसणाऱ्या माणसाला माहीत नसावं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला हसू येत होतं, पण वहिनींचा चेहरा बघून मी ते गिळलं.

"ह्यो हिशेब आपल्या खाडीचा," वहिनी म्हणाल्या. "हितला काय तो?"

"मना ठाव नाय."

हे शब्द मी त्याच्या तोंडून कधीच ऐकले नव्हते.

"फोनवर सांगत होतात, रोज दर्यावर जातंय, अगदी आपल्यासारखा हाय म्हणून."

"तुला बरं वाटावं म्हणून सांगत होतो."

"म्हणजे कधी आलाच नाय हितं?"

"एकदा आलतो. पहिल्या वर्षी." तो पाण्याकडे बघूनच बोलत होता. "सगळी आपापल्या माणसांबरोबर बसलेली. मी एकटा बसून करू काय? फार एकटं वाटलं. परत नाय आलो."

मी उगाच गाडीच्या किल्लीशी खेळत उभा राहिलो. अशा वेळी तिसऱ्या माणसाने कुठे बघायचं, हे पुण्यातही कुणी शिकवत नाही. आता वहिनी घरी चला म्हणतील आणि परवाच्या विमानाने जातील, असं मी धरून चाललो होतो. मुदस्सिरलाही तेच वाटलं असावं. तो म्हणाला, "चल, जाऊ या. हितं काय नाय बघायसारखं."

वहिनींनी चपला काढल्या आणि त्या वरच्या कोरड्या पायरीवर बसल्या.

"आता दोघं हाव ना? बसा. हितली सुकती कवा लागते ती बघूनच उठू. आणि त्या तिकिटाचं उद्या बघा. मना नाय जायचं."

मुदस्सिर त्यांच्याशेजारी बसला. थोड्या वेळाने मागे वळून मला म्हणाला, "गिरीशराव, तुमी निघा."

"आणि तुम्ही परत कसे जाल?"

"चालत," तो म्हणाला. "घर हितंच तर हाय."