तापीवर शीड कमी केलं त्याची गोष्ट

माझ्या मामांची सगळी नोकरी मालवाहू जहाजाच्या इंजिनात झाली. समुद्र त्यांनी वरून फारसा पाहिलाच नव्हता. निवृत्त होऊन सारंगखेड्याला केळी लावायला आले आणि बॅरेजमुळे तुंबलेली तापी पाहून त्यांना शिडाची होडी सुचली. एक जुनी होडी घेतली, बांबूची डोलकाठी रोवली, मंडपवाल्याकडून लाल-पिवळ्या पट्ट्यांचं कापड आणून शीड शिवलं. बाकी सगळं मोबाइलवर पाहून.

पहिल्या फेरीला मी गेलो, कारण मला पोहता येत होतं. मामी आली, कारण तिचा मामांवर विश्वास नव्हता.

नदीच्या मधोमध पश्चिमेचा वारा एकदम वाढला. होडी कलली, मामीच्या पायांशी पाणी आलं. मामा शांतपणे म्हणाले, "शीड कमी करायचं. मी होडी वाऱ्याच्या तोंडाला धरतो. तू दोर सैल सोड, दोन पट्टे खाली घे आणि लोंबेल तेवढं कापड खालच्या आडव्या बांबूला गुंडाळून बांध."

मी दोर सोडला. कापड माझ्या डोक्यावर आलं. आतूनच विचारलं, "बांधू कशानं?"

शिडाला बांधायच्या दोऱ्या शिवायच्या राहिल्या होत्या.

मामीनं डब्याचं फडकं दिलं. मी कमरेचा पट्टा काढला. तरी मधलं कापड फडफडतच होतं. तेव्हा मामांनी एका हातानं सुकाणू धरून दुसऱ्यानं स्वतःच्या पायजम्याची नाडी ओढून काढली. आता सुकाणूही धरायचं आणि पायजमाही. इतका वेळ पुस्तकी मराठीत हुकूम सोडणारे मामा एकदम घरच्या बोलीवर आले, "काय देखी ऱ्हायना? बांध ना."

बांधलं. तेवढ्या लहान शिडावर होडी सरळ झाली आणि आम्ही मोठ्या डौलात पलीकडच्या काठाला लागलो.

तिथे केळीच्या बागेतून एक म्हातारे लगबगीनं आले. मंडपाचं कापड त्यांना लांबूनच दिसलं होतं. "कोन्हं लगीन शे?" त्यांनी विचारलं.

मामांचे दोन्ही हात पायजम्याला होते. मामी म्हणाली, "आमनंच शे."

म्हाताऱ्यांनी ते खरं धरलं. घरी नेऊन चहा पाजला, मामांना टॉवेल-टोपी दिली, मामीला ब्लाउजपीस. मामांनी टॉवेल तिथल्या तिथे कमरेला गुंडाळला. मग पुलावरून आम्हाला सोडायला ट्रॅक्टर निघाला. शीड कसं कमी करायचं, ते मामा टोपी घालून ड्रायव्हरला घर येईपर्यंत समजावत होते.