खालची नावं तशीच

वेबसाइट आम्हाला, म्हणजे आमच्या कामगार संघटनेला, हवी होती आणि आम्ही ती हक्काने मागितली, हे आधी कबूल करते. नव्वदच्या दशकाची अखेर होती. बेंगळुरूत जो तो संगणकाच्या गोष्टी करत होता, आणि बोम्मसंद्र्याच्या एका शिवण कारखान्यात बायांना दिवसातून दोनदाच संडासला सोडत होते. त्याविरुद्ध अर्जावर सह्या केल्या म्हणून चाळीसेक जणींना काढून टाकलं. तिथले शर्ट युरोपात विकले जायचे. तिकडच्या काही विद्यार्थ्यांनी कळवलं, आम्ही दुकानांसमोर पत्रकं वाटतोय, त्यावर छापायला तुमच्या साइटचा पत्ता द्या. हातात तीन आठवडे होते.

साइट बनवणारा मुलगा नागपूरचा, माझ्याच वयाचा. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी आणि यशवंतपूरला भाड्याची खोली. मराठी मंडळात ओळख झालेली. सुट्टीच्या दिवशी आमचं काम करतो म्हणाला. पहिल्याच रविवारी त्याने माझ्या हातात प्रश्नांचा कागद ठेवला. वर लिहिलं होतं, ‘क्लायंटने ठरवायच्या गोष्टी’.

मी भडकले. “आम्ही क्लायंट नाही. संघटना आहोत.”

“हौ, पण मला हो की नाही ते कोण सांगणार?”

“कमिटी सांगेल.”

“कमिटीत किती जण आहेत?”

“अकरा.”

“बाप्पा! मग अकरा जणांचा मिळून एक फोन नंबर द्या.”

मी त्याला साहेबशाहीवर चांगलं ऐकवलं. आमच्यात वरचा कोणी नाही, सगळं सगळ्यांच्या संमतीने होतं, वगैरे. त्याने शांतपणे चहा संपवला. म्हणाला, “भाषण झकास होतं. पान मात्र कोरंच आहे ना, मॅडम.”

आमची रीत अशी होती की पत्रक आधी कमिटीसमोर मोठ्याने वाचायचं, शब्द न् शब्द. कोणीही हात वर करून अडवू शकायचं. मग ते चिकपेटच्या छापखान्यात जायचं. मजकूर दर वेळी नवा, पण तळाशी त्या बायांची नावं असायचीच. नावांशिवायचं पत्रक म्हणजे निनावी चिठ्ठी, असं आम्ही मानायचो. छापखानेवाल्याला मी दर वेळी एवढंच सांगायची, “खालची नावं तशीच.” पत्रकं वाटायची कारखान्याच्या गेटवर. तिथल्या मालकाला ती नावं आधीच पाठ होती. म्हणजे आमच्या त्या धाडसाची कुणाला नवी झळ लागत नव्हती. हे तेव्हा मला सुचलं नाही.

त्याच्या कागदावरचा सातवा प्रश्न होता: ‘नावं टाकायची का? हे कुठूनही दिसेल. त्या बायांना विचारून सांगा.’ कमिटीची बैठक पहिल्या प्रश्नावरच अडकली. लाल रंग कोणता? गडद की झेंड्यासारखा? पुढच्या बैठकीतही तेच. सातव्यापर्यंत आम्ही पोचलोच नाही.

शेवटच्या दिवशी त्याचा घरी फोन आला. बाबा शेजारी पेपर वाचत होते, म्हणून मी तोडून बोलले.

“नावांचं काय करू?”

“खालची नावं तशीच.”

“त्यांना विचारलं का?”

“सह्या त्यांनीच केल्यात. आम्ही घाबरणारे नाही.”

“आम्ही म्हणजे कोण?” त्याने विचारलं.

मी फोन ठेवला. मला राग आला होता, आणि राग आला की आपलं बरोबर आहे असं मला वाटायचं. त्या चाळीस जणींतल्या एकीला यशवंतपूरकडच्या दुसऱ्या शिवण कारखान्यात काम मिळालं होतं, हे मला ठाऊक होतं. तिनेच हळूच सांगितलं होतं, “कुणाला बोलू नका अक्का, स्वल्प बरं चाललंय.” फोनवर बोलताना ती मला आठवली नाही.

साइट वेळेवर झाली. विद्यार्थ्यांचं कौतुकाचं पत्र आलं, कमिटीत टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

महिन्याभराने ती बाई भर दुपारी आमच्या ऑफिसात आली. हातात डबा होता, अजून न उघडलेला. शर्ट घेणाऱ्या परदेशी कंपनीच्या इथल्या कचेरीने आमचं पान छापून, माल पुरवणाऱ्या प्रत्येक कारखान्याला पाठवलं होतं. तिच्या नव्या सुपरवायझरने ते मशीनवर ठेवलं आणि एका नावावर बोट ठेवून विचारलं, “ही तूच का?”

“इंग्रजी वाचता येत नाही मला,” ती म्हणाली, “पण माझं नाव ओळखते ना मी.”

ती रडली नाही. तिने विचारलं, “काढता येईल का अक्का?”

मी नागपूरवाल्याला त्याच्या कंपनीत फोन लावला. तो म्हणाला, “काढतो. कमिटीला विचारलंत?”

“मी सांगतेय. काढ.”

अर्ध्या तासात नाव गेलं. एका माणसाने एकदा हो म्हणायचं होतं, बस. ते काम आम्हाला तीन आठवड्यांत जमलं नव्हतं. ती मात्र बसूनच होती.

“आता त्यांच्याकडचा कागदपण जाईल?”

“नाही.”

“मग काम?”

ती उठली, डबा पिशवीत घातला. दाराशी थांबून म्हणाली, “बाकीच्यांना तरी विचारा.”

संध्याकाळी मी यादी घेऊन बोम्मसंद्र्याच्या वस्तीत गेले. पहिल्या घराला कुलूप होतं. शेजारीण चूल फुंकत होती. मला ती चांगली ओळखायची, आमच्या मोर्च्यात माझ्याबरोबर चालली होती. मी कुलपाकडे बोट करून विचारलं, ही कुठे गेली?

“कामावर.”

“कुठल्या कारखान्यात?”

तिने माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. म्हणाली, “ते मला माहीत नाही अक्का,” आणि पुन्हा चूल फुंकू लागली.