रहेमतभाईंची बांधलेली पानं

रहेमतुल्ला मलकापुरात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे. छापखाना माझ्या सासऱ्यांचा, महादेवरावांचा. मी अमरावतीहून बी.ए. होऊन त्या घरात आले, म्हणून मुद्रितं तपासायचं काम माझ्याकडे आलं. स्वयंपाकापेक्षा बरं होतं.

छापून झालं की पान सोडायचं, म्हणजे एकेक खिळा आपापल्या खणात परत टाकायचा, हा छापखान्याचा नियम. रहेमतभाई तो पाळत नसत. जिल्ह्यातल्या एका सहकारी संघाची सभासदयादी दरवर्षी आमच्याकडे यायची, चोवीस पानं. वर्षभरात त्यात तीसेक नावं बदलायची. तरी सगळी यादी नव्याने जुळवायची, दहा दिवस. त्रेसष्ट साली रहेमतभाईंनी ती पानं सोडलीच नाहीत. सुतळीने बांधून फळीखाली सरकवली.

पुढच्या लग्नसराईत पत्रिकांना खिळे कमी पडले आणि मामंजींना ती पानं सापडली.

"खिळे माहे, अन् दावणीले तू बांधून ठेवले?"

"मालक, बदलते तीस नावं. बाकीच्यायले काऊन मोडू?"

त्याच दिवशी, मंगळवारी, संघाकडून बदलाच्या चिठ्ठ्या आल्या. सभा शनिवारी. मामंजी म्हणाले, "शनिवारी सकाळी यादी पोचली तं ठीक. नाही तं मी दुसरा माणूस पाहतो." रहेमतभाई बावन्न वर्षांचे होते, चष्म्याची एक काच तडकलेली. त्या वयात त्यांना दुसऱ्या छापखान्यात कोणी उभं केलं नसतं.

एकतीस चिठ्ठ्या. गुरुवारी दुपारपर्यंत एकतीस ओळी बदलून झाल्या. मी फक्त बदललेली पानं तपासली. बाकीची गेल्या साली तपासलीच होती, पुन्हा काय बघायचं? छपाई सुरू झाली.

शुक्रवारी सकाळी छापलेले कागद चाळताना बाविसाव्या पानावर गावोगावच्या पंचांची नावं दिसली. साखरखेर्ड्याचे पंच पुंजाजी. पुंजाजी होळीच्या आधीच वारले होते. चौदाव्या पानावर त्यांच्या जागी मुलाचं नाव आम्हीच घातलं होतं. मी कागद रहेमतभाईंपुढे धरला.

त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. "वयनी, हा माणूस चौदाव्या पानावर मेला अन् बाविसाव्यावर पंचायत करून राह्यला."

"चिठ्ठीत चौदावंच पान लिहिलं होतं."

"चिठ्ठीले काय मालूम तो अजून कुठं कुठं बसेल हाय!"

मामंजींनी ऐकलं. "सोडा सगळं. पह्यल्यापासून जुळवा."

म्हणजे दहा दिवस. म्हणजे दुसरा माणूस. मी तोंड उघडणार, त्याआधी रहेमतभाईंनी चिठ्ठ्या उचलून माझ्या हातात दिल्या. "तुम्ही नाव वाचा. मी चोवीसही पानांत हुडकतो. जिथं नाव सापडलं तेवढंच पान उघडायचं."

मी वाचत गेले, ते उलट्या खिळ्यांवरून बोट फिरवत गेले. दुपारचं जेवण कोणी केलं नाही. पुंजाजींखेरीज आणखी पाच ठिकाणी जुनी नावं निघाली. एक बाई सोनोशीच्या यादीत माहेरच्या नावाने होती आणि हमीदारांच्या यादीत सासरच्या. दोन्ही नावं एकीचीच हे मी ओळखलं, कारण ती माझी शाळासोबतीण, कोकिळा. सहा ओळी बदलल्या, तेवढीच पानं पुन्हा छापली. शनिवारी सकाळी यादी संघाच्या टेबलावर होती.

रहेमतभाईंनी मग एक वही केली. कुठलं नाव कोणकोणत्या पानांवर आहे, एवढंच त्यात. मी म्हटलं, ही आधी करायला हवी होती. ते म्हणाले, "तुम्हीही तं नाही सांगितलं." खरं होतं.

सोमवारी मामंजींनी माझ्यादेखत नियम बदलला. छापलेलं पान आधी बांधायचं. सोडायचं असेल तर रहेमतला विचारायचं.

"आणि पत्रिकांना खिळे?" मी विचारलं.

"आणू नवे."

नोकरी राहिली की गेली, हे रहेमतभाईंना कोणी सांगितलं नाही. ते नेहमीच्या वेळेला आले, टोपी खुंटीला अडकवली आणि उभे राहून कुणाच्या तरी बारशाचं आमंत्रण जुळवू लागले. पुढे बारा वर्षं ते तिथेच उभे होते.