अर्धं नाणं, अर्धा मणी

मंडळी, दुपार झाली तरी हात गारच आहेत, म्हणून इथे लिहितेय.

पुण्याहून आलेल्या सासूबाईंना आज इथल्या, उत्तर जर्मनीतल्या छोट्या म्युझियममध्ये नेलं. एका काचेमागे हजार वर्षांपूर्वीचं इंग्लंडचं चांदीचं नाणं होतं. सुट्टे हवे असले की तेव्हा नाणंच कापायचे. हेही मधोमध कापलेलं. राजाचा अर्धाच चेहरा, एकच डोळा.

मी जर्मन पाटी वाचायला वाकले, तोच आई म्हणाल्या, "मेलेल्याच्या तोंडात सापडलं ना हे?"

पाटीवर अगदी तेच होतं. आईंना जर्मनचं अक्षरही येत नाही.

"तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी पर्समधून एक पुरचुंडी काढली. आत सोन्याचा अर्धा मणी. "तुझे सासरे गेले तेव्हा मंगळसूत्रातला मणी कापून अर्धा त्यांच्या मुखात ठेवला. हा माझा. इथेच काही झालं तर तुमची धावपळ नको."

मग काचेकडे बघत हळूच म्हणाल्या, "ह्याचा दुसरा अर्धा कोणी जपला असेल गं?"

आता त्या आत जरा पडल्यात. श्वास चालू आहे ना, हे मी तीनदा बघून आले.

तुमच्या आईच्या पर्समध्ये काय आहे, माहितीये तुम्हाला?